कटांगाचे तांबे आणि समुद्राच्या वाटा

काँगोच्या आग्नेय कोपऱ्यातल्या कटांगात तांबे किती, हा प्रश्न कधीच फारसा अडला नाही. समुद्र हजार किलोमीटरहून दूर. तिथवर माल न्यायचा कुणाच्या हद्दीतून, यावरच सव्वाशे वर्षे घासाघीस चालली आहे.

तांब्याचे ओतीव क्रॉस इथे पूर्वीपासून चलन म्हणून फिरत. एकोणिसाव्या शतकात बुंकेयाच्या म्सिरीने तांबे, हस्तिदंत आणि गुलामांच्या व्यापारावर राज्य उभारले. १८९१मध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्डने पाठवलेल्या मोहिमेने त्याला ठार केले. १९०६मध्ये ‘युनियन मिनिएर’ ही बेल्जियन खाण कंपनी स्थापन झाली, पण रूळ आले ते दक्षिणेकडून, ब्रिटिशांच्या ऱ्होडेशियातून (आजचे झांबिया-झिम्बाब्वे). १९१०मध्ये ते आजच्या लुबुम्बाशीला पोचले, पुढच्या वर्षी भट्टी पेटली.

खाण बेल्जियमची आणि वाट ब्रिटिशांची, हे ब्रुसेल्सला खुपणारच. म्हणून स्वतःच्या हद्दीतला मार्ग काढला: नदीवरच्या इलेबो बंदरापर्यंत रेल्वे, मग नदीतून बोटीने किन्शासा, पुन्हा रेल्वेने मतादी बंदर. अभिमानाला ठीक, पण माल सारखा उतरवा-चढवायचा. सरळ वाट १९३१मध्ये जोडली गेली, अंगोलातल्या लोबिटो बंदराकडे जाणारी बेंग्वेला रेल्वे.

१९६०मध्ये स्थानिक नेता त्शोम्बेने नवस्वतंत्र काँगोतून कटांगा वेगळा काढला, तोही खाणींच्या महसुलाच्या जोरावर. १९६३च्या सुरुवातीला ते बंड मोडले; १९६७मध्ये हुकूमशहा मोबुटूने खाणी सरकारी केल्या आणि ‘जेकामिन’ ही सरकारी कंपनी जन्मली. १९७५मध्ये अंगोलातले यादवी युद्ध भडकले, बेंग्वेला मार्ग बंद पडला. तरी ऐंशीच्या दशकात वर्षाला चार लाख टनांहून अधिक तांबे निघत होते. कंपनी बुडाली ती घरातूनच: नफा मोबुटूच्या राजवटीने उपसला, यंत्रे जुनी झाली, १९९०मध्ये कामोटोची भूमिगत खाण ढासळली.

२००२च्या खाण कायद्याने परदेशी, पुढे मुख्यतः चिनी, भांडवल आले. आता कोबाल्टही तितकेच मोलाचे; जगाच्या उत्पादनातला बहुतांश वाटा काँगोचा. २०२५च्या फेब्रुवारीत सरकारने भाव सावरायला त्याची निर्यातच काही महिने रोखली. लोबिटोची रेल्वे २०२३मध्ये युरोपीय कंपन्यांच्या गटाकडे गेली, पण बराच माल अजून सीमेवरच्या कासुम्बलेसा नाक्यावरून ट्रकनेच झांबियात उतरतो. त्याच नाक्यातून उलट दिशेने मक्याचे पीठ येते. झांबियाने मक्याची निर्यात थांबवली, की लुबुम्बाशीत पिठाचे भाव कडाडतात.