गादी उतरवल्यावर दिसणारी खुर्ची

साधारण १७५०च्या सुमारास अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये घडवलेली, हात नसलेली गादीची खुर्ची संग्रहालयात पाहताना आपलं लक्ष पाठीच्या वळणाकडे आणि बाकदार पायांकडे जातं. अभ्यासकाला मात्र गादी उतरवलेली चौकट हवी असते. बैठकीच्या आडपट्ट्यांवर खिळ्यांची आणि चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, असंख्य भोकं असतात. मूळ गादी कशी होती आणि पुढे ती कितीदा बदलली, याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा माझ्या मते तिथेच असतो.

मूळ गादीत आधी निवारीसारख्या जाड पट्ट्या उभ्या-आडव्या विणून चौकटीवर ठोकत. त्यावर जाडंभरडं कापड, मग गवत किंवा घोड्याचे केस, आणि सगळ्यात वर लोकरी कापड किंवा कातडं. हे केस मुद्दाम तयार केलेले असत. दोरीसारखा पीळ देऊन ते उकळायचे, वाळवायचे आणि मग मोकळे करायचे. ओल्या उष्णतेत केसातल्या केरॅटिन या प्रथिनाचे काही बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात जुळतात. त्यामुळे केस कुरळा राहतो आणि दाब काढला की पुन्हा उसळतो. गुंडाळीच्या स्प्रिंगा खुर्च्यांत आल्या एकोणिसाव्या शतकात. तोवर लवचीकपणा या केसांचाच. पुढे कितीतरी जुन्या खुर्च्यांत स्प्रिंगा बसवल्या गेल्या आणि मुळातली बेताची बैठक फुगीर झाली. हे पाहून वाईट वाटतं.

कापड बदललं की नव्या चुका, नवी भोकं. लोहाराने हाताने घडवलेल्या चुकेचं अंग चौकोनी, टोकाकडे निमुळतं; तारेपासून केलेली, गोल अंगाची चूक फार नंतरची. म्हणजे भोकाच्या आकारावरून कोणता थर आधीचा ते कळतं. लाकडात तुटून राहिलेली टोकं क्ष-किरण चित्रात दिसतात. शोभेच्या पितळी खिळ्यांची रांग आणि त्यांच्यामधलं अंतरही भोकांवरून पुन्हा मांडता येतं.

सगळ्यात मोलाची वस्तू मिळते ती जुन्या चुकेच्या डोक्याखाली: मूळ कापडाचे चार-दोन धागे. वरचं कापड ओढून काढणाऱ्याच्या हातून ते सुटलेले असतात. लोखंडाचा गंज त्या धाग्यांत मुरलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली लोकर आणि लिनन लगेच वेगळे ओळखू येतात. धाग्यातला रंग विरघळवून त्याचे घटक वेगळे केले, तर लाल रंग मॅडरच्या मुळांचा की कोचिनील किड्यांचा, हेही ठरतं. रंग कृत्रिम निघाला तर तो धागा मूळचा नाहीच, कारण इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ पर्किनचा पहिला यशस्वी कृत्रिम रंग १८५६चा.

म्हणूनच आता अनेक संग्रहालयांत अशा खुर्चीवर नवी चूक ठोकत नाहीत. फोम कोरून गादीचा मूळ आकार साधतात, कापड त्या साच्यावरच ताणतात आणि तयार बैठक चौकटीवर अलगद बसवतात. पुन्हा तपासायची वेळ आली की ती उचलून बाजूला ठेवता येते.