लातूरचे जड पाणी

जड पाणी : कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त प्रमाणात विरघळलेले पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतात. लातुरात मात्र पाणी ‘जड’ असते, ‘खारं’ असते, नाहीतर नुसते ‘बोअरचं’ असते, आणि तिन्हींचा अर्थ बहुतेक वेळा एकच. (अणुभट्टीत वापरतात ते जड पाणी वेगळे; त्याचा येथे संबंध नाही.)

लातूरच्या घरात तोटी एक आणि पाणी दोन. शहराचा नळपुरवठा मुख्यतः मांजरा नदीवरच्या, बीड जिल्ह्यातील धनेगावच्या धरणातून होतो. पावसाचे साठलेले हे पाणी तुलनेने हलके. पण ते रोज येत नाही, टंचाईत आठ-दहा दिवसांआडही येते. मधल्या दिवसांत गच्चीवरच्या त्याच टाकीत अंगणातल्या बोअरचे पाणी चढते आणि स्वयंपाकघरातल्या त्याच तोटीतून उतरते. म्हणून पाहुण्याने तांब्या भरून घेतला की घरातून आधी आवाज येतो, ‘थांबा, ते बोअरचं आहे.’ पिण्याचे व डाळीचे पाणी झाकून वेगळे ठेवायचे, बाकी सगळ्याला बोअरचे, अशी वाटणी ठरलेली असते. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या व त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. धरण आटले की शहराचा भार पडतो तो जमिनीखालच्या जड पाण्यावरच.

हा जडपणा खडकातून येतो. लातूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसले आहे. जमिनीत मुरताना पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि भेगांतून झिरपताना खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवते. सहसा बोअर जितकी खोल, तितका पाण्याचा खडकाशी सहवास लांबतो. याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची सुंदर खनिजे सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती काचेमागे मांडून ठेवली आहेत. गंमत अशी की त्याच कुळातला, कारखान्यात बनवलेला झिओलाइट अनेक धुण्याच्या पावडरींत पाणी हलके करण्यासाठी घालतात.

साबण हा या पाण्याचा पहिला बळी. साबणातील मेदाम्लांशी कॅल्शियमचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो बादलीच्या कडेला करडी रेघ धरतो, पांढऱ्या सदऱ्याला मळकट छटा आणतो, आणि सगळे कॅल्शियम असे खपेपर्यंत फेस येतच नाही. डिटर्जंट पावडरीचा असा साका होत नाही. रिठा व शिकेकाईतल्या फेसाचे रसायनही वेगळे असल्याने जड पाण्यात ती साबणापेक्षा बरी चालतात. शिकेकाईने न्हाणाऱ्या आजीला हे माहीत असते. कारण विचारले तर ती फक्त ‘साबणानं केस राठ होतात’ एवढेच सांगेल, आणि ते बरोबर आहे.

स्वयंपाकघरात खरी कसोटी लागते ती डाळीची. लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ, डाळ मिलांचे गाव. आणि तिथेच बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. पाच शिट्ट्या होतात, कुकर उघडावा तर दाणा वरून फुटलेला पण आत कणी राहिलेली, घोटले तरी वरण एकजीव होत नाही, पाणी वर आणि डाळ खाली. दाण्याच्या पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन शिजताना सुटावे लागते. पाण्यातले कॅल्शियम ते उलट घट्ट बांधून ठेवते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की डाळ विरघळते, कारण अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर सुटते. मात्र सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि हात जड झाला तर वरणाला साबणासारखी चव येते. तेलाचे चार थेंब व हळद टाकण्याचीही पद्धत आहे. तेलाने डाळ उतू जाणे कमी होते, जडपणा तसूभरही कमी होत नाही.

पाणी तापले की त्यातले बायकार्बोनेट मोडून चुनखडीचा थर बसतो. पूर्वी तो बंबात आणि हंड्याच्या तळाशी दिसे. आता गिझरच्या कॉइलवर तो इतका जाड चढतो की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, विजेचे बिल वाढते आणि शेवटी ‘कॉइल गेली’. सोलरच्या नळ्या व शॉवरची भोके बुजतात तीही यामुळेच. लिंबू, चिंच, व्हिनेगर अशा कुठल्याही आंबट पदार्थाने थर सुटतो. फरशीसाठी लोक बाजारातले अ‍ॅसिड आणतात. ते ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

‘लातूर पॅटर्न’साठी, म्हणजे इथल्या परीक्षांच्या नावाजलेल्या शिकवणीसाठी, बाहेरगावाहून आलेल्या मुलांची ठरलेली तक्रार म्हणजे केस गळणे. जड पाण्याने केस राठ व चिपाड होतात हे खरे, पण मुळापासून गळतात असे सिद्ध झालेले नाही. मुतखड्याचे खापरही सर्रास याच पाण्यावर फुटते. त्यालाही ठाम पुरावा नाही, आणि उन्हाळ्यात पुरेसे पाणी न पिणे हे त्याहून पक्के कारण आहे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. खरी काळजी करायची ती फ्लोराइड व नायट्रेटची. ते भांड्यावर थर धरत नाहीत, त्यामुळे लक्षातच येत नाहीत.

उपायांबाबत गैरसमज बरेच. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. उकळल्याने बायकार्बोनेटचा तात्पुरता जडपणा जातो. सल्फेट व क्लोराइडचा कायम राहतो. धुण्याच्या सोड्याने दोन्ही जातात, पण ते पाणी कपड्यांपुरतेच. आरओ यंत्र क्षार काढते, मात्र घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे त्याहून जास्त पाणी मोरीत जाते, आणि पाण्यासाठी रेल्वे बोलवावी लागलेल्या गावात हा हिशेब बोचतो. ते पाणी निदान फरशीला तरी वापरावे. विक्रेत्याच्या हातातले टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवते, त्यातले जड किती ते दाखवत नाही.

मृगाचा पहिला पाऊस पत्रे धुऊन जाऊ देतात. पुढच्या सरीला पन्हाळीखाली हंडे, बादल्या, पिंप, जे हाताला लागेल ते मांडले जाते. त्या पाण्यात तुरीची डाळ सोड्याशिवाय शिजते.