परदेशी वाहन परवान्याचे रूपांतरण

एका देशाने दिलेल्या वाहन परवान्याच्या आधारावर दुसऱ्या देशाचा परवाना मिळवण्याची प्रशासकीय प्रक्रिया. नोकरी, शिक्षण, लग्न किंवा आश्रय अशा कोणत्याही कारणाने नव्या देशात राहायला आलेल्या माणसाला ती करावी लागते. चार आठवडे फिरायला आलेल्याला लागत नाही. काहींचे काम अर्ज, शुल्क आणि नजरेची तपासणी एवढ्यावर होते, तर काहींना वीस-पंचवीस वर्षे गाडी चालवूनही शिकाऊ उमेदवारांच्या रांगेत उभे राहावे लागते. हा फरक चालकाच्या कसबावरून पडत नाही. परवाना कोणत्या देशाचा आहे, तो काढला तेव्हा चालक कुठे राहत होता आणि तिथल्या परीक्षेवर नव्या देशाचा विश्वास आहे का, यावरून पडतो.

पाहुणा आणि रहिवासी

मोटारी सीमा ओलांडू लागल्या तसा परक्या देशाचा परवाना मानायचा की नाही, हा प्रश्न उभा राहिला. त्यावरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९०९ मध्ये पॅरिस येथे झाला. पुढे १९२६ चा पॅरिस करार, १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार अशी मालिका झाली. आज व्यवहारात चालतात ते मुख्यतः शेवटचे दोन. प्रत्येक देश दोन्ही करारांत आहेच असे नाही : अमेरिका आणि जपान यांनी फक्त जिनिव्हा करार स्वीकारला आहे, तर ब्रिटनने व्हिएन्ना कराराला संमती दिली ती थेट २०१८ मध्ये, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या तयारीत.

हे करार पाहुण्यांसाठी आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. व्हिएन्ना कराराच्या ४१व्या कलमात सदस्य देशांनी एकमेकांचे परवाने मान्य करावेत असे म्हटले आहे. पण ज्याचे नेहमीचे वास्तव्य आपल्या प्रदेशात हलले आहे, त्याचा जुना परवाना मानण्याचे बंधन कोणावरही नाही, अशी सूटही तिथेच आहे. जिनिव्हा कराराने हीच मर्यादा सलग एक वर्षाच्या मुक्कामाने घातली. त्यामुळे तोच माणूस, तीच गाडी आणि खिशात तेच कार्ड असले तरी पत्ता बदलताच त्या कार्डाची किंमत बदलते. रूपांतरणाची सगळी व्यवस्था या एका सवलतीतून जन्माला आली आहे आणि म्हणूनच ती देशागणिक वेगळी आहे. जगाला लागू असा एकच नियम इथे नाही.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना म्हणून ओळखली जाणारी पुस्तिका या कामी उपयोगाची नाही. ती मूळ परवान्याचे ठरावीक नमुन्यातले भाषांतर असते, मूळ परवाना सोबत नसेल तर तिला अर्थ उरत नाही आणि तिच्यावर नव्या देशाचा परवाना मिळत नाही. जिनिव्हा नमुन्याची पुस्तिका एक वर्ष चालते. व्हिएन्ना नमुन्याची जास्तीत जास्त तीन वर्षे, तीही मूळ परवाना तोवर वैध असेल तर. जपानमध्ये व्हिएन्ना नमुन्याची पुस्तिका चालत नाही. म्हणून जर्मन पाहुण्याला तिथे आपल्या मूळ परवान्यासोबत अधिकृत जपानी भाषांतर बाळगावे लागते. इंटरनेटवर भरमसाट पैसे घेऊन ‘दहा वर्षांचा आंतरराष्ट्रीय परवाना’ विकणारे पुष्कळ आहेत. असा परवाना कोणत्याही करारात नाही, तेव्हा ते पैसे पाण्यात गेले असेच समजावे.

मुदत

स्थायिक झाल्यावरही बहुतेक देश काही काळ जुन्या परवान्यावर गाडी चालवू देतात. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्ये हा काळ बारा महिन्यांचा आहे, जर्मनीत सहा महिन्यांचा. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तो फक्त ६० दिवस आहे. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त देशाच्या परवान्यावर गाडी चालवण्याची मुभा एक वर्षाने संपते, पण तो बदलून घेण्याचा हक्क पाच वर्षे टिकतो. मधल्या काळात परवाना बदलता येतो, गाडी मात्र चालवता येत नाही. या दोन वेगळ्या मुदती आहेत आणि लोक त्यांचा नेहमी घोळ करतात.

दुसरा घोळ मुदत कधीपासून मोजायची याचा. विमानतळावरचा शिक्का, व्हिसाची तारीख, घराची नोंदणी, निवासपत्र हाती पडल्याचा दिवस, यांपैकी प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या देशात आरंभबिंदू मानली जाते. युरोपीय संघाच्या नियमांत ‘नेहमीचे वास्तव्य’ म्हणजे वैयक्तिक आणि व्यावसायिक संबंधांमुळे वर्षातले किमान १८५ दिवस जिथे माणूस राहतो ते ठिकाण. अधूनमधून सीमेपलीकडे जाऊन आल्याने घड्याळ पुन्हा शून्यावर येते, अशी समजूत सर्रास आढळते. जपानमध्ये तर ही युक्ती इतकी रुळली, की तिथल्या रहिवाशाने तीन महिन्यांहून कमी काळासाठी देश सोडला असेल तर परत आल्यावर नवे वर्ष मोजले जात नाही, असे कायद्यातच लिहावे लागले.

मुदत उलटल्यावर जुना परवाना खोटा ठरत नाही, पण बऱ्याच देशांत त्या दिवसापासून चालक विनापरवाना मानला जातो. जर्मनीत विनापरवाना गाडी चालवणे हा साधा वाहतूक नियमभंग नसून फौजदारी गुन्हा आहे. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाईची रक्कम चालकाकडून वसूल करायला मोकळी होऊ शकते. दंडापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे.

याद्यांचे राजकारण

बिनपरीक्षेचे रूपांतरण कोणाला द्यायचे, याची यादी प्रत्येक देश स्वतः ठरवतो. जर्मनीत ती वाहन परवाना नियमावलीच्या ११व्या परिशिष्टात आहे. ब्रिटनच्या यादीत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, युक्रेन, संयुक्त अरब अमिराती असे देश आहेत. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते की उजव्या, याच्याशी या याद्यांचा संबंध नाही. टोकियोत आयुष्यभर डावीकडून चालवलेला माणूस जर्मनीत परीक्षेशिवाय उजवीकडून चालवू शकतो; उजवीकडूनच चालवणाऱ्या, पण यादीबाहेरच्या एखाद्या देशातून आलेल्याला मात्र परीक्षा चुकत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने याचे समर्थन करणे अवघड आहे. याद्यांमागचे खरे तत्त्व ‘तुम्ही आमचे माना, आम्ही तुमचे मानतो’ हे आहे. समोरच्या देशातली परीक्षा कितपत कडक आहे आणि तिथल्या नोंदी कितपत तपासता येतात हे पाहिले जाते, पण वाटाघाटींना बसण्याची गरज दोघांनाही वाटली तरच.

जिथे परवाने देण्याचा अधिकार केंद्राकडे नसून राज्यांकडे असतो तिथे गुंता वाढतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. वॉशिंग्टन राज्य जर्मनी, जपान आणि दक्षिण कोरियाचे परवाने परीक्षेविना बदलून देते. दुसऱ्या राज्यात त्याच परवान्यावर दोन्ही चाचण्या द्याव्या लागू शकतात. याच कारणाने जर्मन परिशिष्टात अमेरिका एक देश म्हणून येत नाही, राज्याराज्यांची नावे येतात : काहींना पूर्ण सूट, काहींना फक्त प्रत्यक्ष चाचणीतून सूट.

करार नसला म्हणजे काय होते याचे ठळक उदाहरण स्पेनमधल्या ब्रिटिश रहिवाशांचे आहे. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत त्यांचा परवाना तिथे आपोआप चालत होता. संघ सोडल्यावर दिलेल्या मुदतवाढी १ मे २०२२ पासून संपल्या आणि ज्यांनी वेळेत परवाना बदलला नव्हता त्यांना गाड्या दारात उभ्या ठेवाव्या लागल्या. १६ मार्च २०२३ रोजी दोन्ही देशांतला करार लागू झाला, तेव्हा त्यांना पुन्हा स्टिअरिंग हाती घेता आले. दरम्यान त्यांच्या चालवण्यात काडीचाही फरक पडला नव्हता.

उलट, राजकीय इच्छा असेल तर नियम भराभर वाकतात. युक्रेनमधून युद्धामुळे बाहेर पडलेल्या आणि तात्पुरते संरक्षण मिळालेल्या लोकांनी परवाना बदलण्याची गरज नाही, असा नियम युरोपीय संघाने २०२२ च्या जुलैमध्ये केला. सौदी अरेबियात स्त्रियांना गाडी चालवण्याची मुभा २४ जून २०१८ पासून मिळायची होती, पण त्याआधीच, ४ जून रोजी, दहा स्त्रियांच्या हाती सौदी परवाने पडले. त्यांच्याकडे ब्रिटन, कॅनडा, लेबनॉन अशा देशांचे परवाने होते आणि तेच बदलून देण्यात आले. देशातल्या स्त्रियांसाठी पहिले परवाने निघाले ते असे परदेशी परीक्षांच्या भरवशावर.

परीक्षा द्यावी लागते तेव्हा

यादीबाहेरच्यांसाठी वागणुकीच्या तऱ्हा अनेक आहेत. जर्मनी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही चाचण्या घेते, मात्र नवशिक्याला सक्तीचे असलेले ठरावीक तास अशा चालकाला सक्तीचे नसतात. कागदावर ही सवलत मोठी दिसते. पण प्रत्यक्ष चाचणीला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आणि प्रशिक्षक लागतोच, आणि शहाणा प्रशिक्षक काही तास शिकवल्याशिवाय चाचणीला पाठवत नाही. चीनमध्ये साधारणपणे लेखी परीक्षेवर भागते : शंभर प्रश्न, उत्तीर्ण व्हायला नव्वद गुण.

स्वित्झर्लंडची रीत सर्वांत विलक्षण. तिथे ‘नियंत्रण फेरी’ घेतात, म्हणजे परीक्षकाला शेजारी बसवून एकदाच गाडी चालवायची. ती पुन्हा देता येत नाही. नापास झाल्यास परदेशी परवान्यावर तिथे गाडी चालवायला लगेच बंदी येते आणि शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागते. अनुभवी चालक इथे अडखळतात ते गाडी न आल्यामुळे नव्हे, तर सवयींमुळे. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणे, खांद्यावरून मागे वळून पाहणे, सायकलस्वारासाठी थांबणे या गोष्टी अंगवळणी नसतील तर वर्षांचा अनुभव आडवा येतो.

जपानमध्ये ‘गाइमेन किरिकाए’ या नावाची पद्धत बरीच वर्षे सौम्य होती. लेखी चाचणीत दहाच प्रश्न असत, त्यांपैकी सात बरोबर आले की पुरे, आणि हॉटेलचा पत्ता देऊन पर्यटकही परवाना काढत. परदेशी चालकांच्या गंभीर अपघातांनंतर टीका वाढली आणि ऑक्टोबर २०२५ पासून नियम आवळण्यात आले : पन्नास प्रश्न, नव्वद टक्के बरोबर उत्तरे, रहिवासी नोंदीचा दाखला सक्तीचा. मूळ परवाना मिळाल्यानंतर ज्या देशाने तो दिला तिथे किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा तर आधीपासूनच लागतो. तो पुरावा म्हणजे बहुधा पासपोर्टवरचे शिक्के. विमानतळावरच्या स्वयंचलित दारातून ये-जा करणाऱ्यांच्या पासपोर्टवर शिक्के उमटत नाहीत आणि मग इतर कागदांची जुळवाजुळव करावी लागते.

कागदपत्रे

अर्जासोबत साधारणतः पासपोर्ट, निवासपत्र, मूळ परवाना, त्याचे मान्यताप्राप्त भाषांतर, छायाचित्र आणि नजरेचा दाखला लागतो. खरी अडचण बहुधा यांपैकी कशातच नसते. अडते ते मूळ देशाच्या परवाना कार्यालयाच्या पडताळणी पत्रावर : परवाना खरा आहे, रद्द झालेला नाही आणि पहिल्यांदा अमुक दिवशी दिला गेला, असे सांगणारे पत्र. नूतनीकरणानंतर काही देशांच्या कार्डावर फक्त नवी तारीख छापली जाते. मग पंधरा वर्षांचा चालक कागदोपत्री वर्षभराचा ठरतो. टप्प्याटप्प्याने परवाना देणाऱ्या ओंटारिओसारख्या प्रांतांत जुना अनुभव मोजला गेला तर प्रतीक्षेचा काळ कमी होतो, त्यामुळे या तारखेला पैशांचे मोल आहे. हे पत्र देश सोडण्यापूर्वी काढणे सोपे असते. नंतर वकीलपत्र, दूतावास आणि नातेवाइकांच्या खेपा मागे लागतात.

परवान्याची मुदत संपलेली असणे, लग्नानंतर बदललेले नाव, ऑटोमॅटिक गाडीवर दिलेली परीक्षा या गोष्टीही आडव्या येतात. ऑटोमॅटिक गाडीवर मिळालेला परवाना बदलताना युरोपात नव्या कार्डावर ७८ हा संकेतांक येतो, म्हणजे गिअरची गाडी चालवता येत नाही. ट्रक आणि बस यांचे अधिकार तर सहसा रूपांतरित होतच नाहीत.

स्थलांतर झाल्यावर सुट्टीत मायदेशी जाऊन काढलेला परवानाही बहुतेक ठिकाणी नाकारला जातो, कारण तो काढला तेव्हा अर्जदार तिथला रहिवासी नव्हता. तीच गोष्ट दुहेरी रूपांतरणाची. यादीबाहेरच्या देशाचा परवाना आधी यादीतल्या देशात बदलून मग तिसरीकडे न्यायची वाट ब्रिटनने बंद केली आहे : मूळ परीक्षा कुठे दिली, हेच तिथे पाहिले जाते.

जुन्या परवान्याचे काय होते

युरोपीय संघात एका व्यक्तीकडे एकाहून अधिक परवाने असू शकत नाहीत. म्हणून नवे कार्ड हाती येताना जुने काढून घेतले जाते आणि सहसा ते देणाऱ्या देशाकडे परत पाठवले जाते. जपानमध्ये जुने कार्ड चालकाकडेच राहते.

संघाच्या आतल्या आत ही प्रक्रिया आता ऐच्छिक आहे. १९९६ पासून सदस्य देश एकमेकांचे परवाने मुळातच मानतात. त्याच वर्षी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने एका प्रकरणाचा निकाल दिला. जर्मनीत राहणाऱ्या एका ग्रीक महिलेने तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षभरात परवाना बदलला नव्हता आणि तिच्यावर विनापरवाना गाडी चालवल्याचा खटला झाला होता. परवाना बदलण्याची अट घालता येईल, पण ती विसरणाऱ्याला परवाना नसलेल्या माणसाच्या पंगतीला बसवून तुरुंगवासाची किंवा दंडाची फौजदारी शिक्षा देणे प्रमाणाबाहेर आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. गाडी चालवण्याचा हक्क पहिल्या देशाच्या परवान्यातून येतो. त्याची अदलाबदल ही मुख्यतः प्रशासनाची सोय आहे, हा त्यामागचा विचार. संघाबाहेरच्या परवान्यांना हा युक्तिवाद लागू होत नाही.

त्यांच्यामागे मूळ देश चिकटलेलाच राहतो. संघाबाहेरचा परवाना बदलून मिळालेल्या युरोपीय कार्डावर ७० हा संकेतांक, जुन्या परवान्याचा क्रमांक आणि तो देणाऱ्या देशाचे चिन्ह छापतात. असा चालक पुढे दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला, तर त्या देशाला हे कार्ड न मानण्याची मुभा आहे. मायदेशी कायमचे परतणाऱ्यालाही पुन्हा अर्ज करावा लागतो. तिथल्या कार्यालयात जुनी नोंद सापडली तर काम लवकर उरकते, नाहीतर आपल्याच देशात परदेशी परवाना बदलून घेण्याची पाळी येते.