एरिया मॅनेजर (सामुदायिक नकाशा-संपादन)

लोकांनी मिळून तयार केलेल्या डिजिटल नकाशातील ठरावीक भूभागाची देखभाल करणारा स्वयंसेवक. हे पद मुख्यतः वेझ या वाहनचालकांच्या ॲपमुळे रूढ झाले. २००६ साली इस्रायलमध्ये सुरू झालेल्या एका मुक्त नकाशा-प्रकल्पातून वेझ उभे राहिले. २०१३ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली, तरी नकाशा दुरुस्त करण्याचे बरेचसे काम बिनपगारी संपादकांकडेच राहिले.

वेझमध्ये नवख्या संपादकाला अख्खा नकाशा खुला नसतो. ॲप चालू ठेवून अलीकडे ज्या रस्त्यांवरून गाडी नेली, त्यांच्या आसपासचाच भाग त्याला बदलता येतो. एरिया मॅनेजरला मात्र नेमून दिलेल्या हद्दीत, तिथे गाडी नेलेली नसली तरी, काम करता येते. संपादकांच्या पातळ्या या नेमणुकीहून वेगळ्या, एक ते सहा. महत्त्वाच्या रस्त्यांना वरच्या पातळीचे लॉक असते, म्हणजे खालच्या पातळीच्या संपादकाला ते बदलता येत नाहीत. हद्द आपली असूनही पातळी कमी पडली, तर लॉक उघडण्यासाठी वरिष्ठांकडेच जावे लागते. त्यामुळे ‘मॅनेजर’ हे नाव जरा भारदस्तच म्हणायचे.

रोजचे काम किरकोळ वाटते: चालकांनी नोंदवलेल्या तक्रारी पाहणे, वळणांची परवानगी आणि वन-वेची दिशा तपासणे, पेट्रोल पंपाचे प्रवेशद्वार योग्य बाजूला लावणे. चूक झाली की तिचे मोल कळते. नाशिक शहरातून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग पाहा. वर उड्डाणपूल, खाली सर्व्हिस रोड, आणि द्वारका चौकात येऊन मिळणारा पुणे रस्ता. नकाशावर या रेषा एकमेकींना छेदतात, पण पुलावरची रेषा खालच्या चौकाला जोडायची नसते. तिची उंचीची पातळी वेगळी ठेवायची असते. कुणी हौशी संपादकाने तिथे जोड दिला, की ॲप पुलाच्या मध्यावर ‘उजवीकडे वळा’ असे बिनदिक्कत सांगते. वर-खाली समांतर धावणाऱ्या रस्त्यांत जीपीएसचीही फसगत होते. गाडी नेमकी पुलावर होती की खाली, हे त्या माहितीवरून नेहमी ठरवता येत नाही. तक्रार वाचून चालक कुठे होता हे ओळखायला चढ-उतार कुठे आहेत ते ठाऊक असलेला माणूसच लागतो.

त्याहून कठीण प्रश्न कायमचा बदल कोणता आणि तात्पुरता कोणता, हा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावरचे सखल रस्ते आणि पूल पाण्याखाली जातात. पूर किती चढला हे नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून ठरवतात. नकाशासाठी मात्र एवढेच पुरे, की रस्ता बंद आहे आणि पाणी ओसरले की तो उघडेल. अशा वेळी रस्ता पुसायचा नसतो, तात्पुरता बंद दाखवायचा असतो. रेषा पुसली तर तिच्यावर साठलेली वेगाची जुनी माहितीही जाते. सिंहस्थात हाच प्रश्न शहरभर पसरतो: पंचवटीकडचे रस्ते वाहनांना बंद, बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर, पर्वणीच्या दिवशी वेगळे निर्बंध. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे. पोलिसांची अधिसूचना वाचून तारीख-वेळेनिशी बंदी लावणे आणि ती संपताच उठवणे हे काम खरे तर कारकुनीचे, आणि म्हणूनच हौशी माणसाला कंटाळवाणे.

सगळ्याच प्रकल्पांत अशी नेमणूक नसते. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या जागतिक नकाशात कुणीही जगात कुठेही बदल करतो, चूक आढळली तर नंतर कुणीतरी ती परतवतो. गूगल मॅप मेकर या गूगलच्या लोकसंपादित नकाशा-सेवेने २०१५ मध्ये एका खोडसाळ चित्रामुळे संपादन थांबवले. पुन्हा सुरू करताना तपासणीचे काम निवडक स्थानिक स्वयंसेवकांकडे सोपवण्यात आले. ती सेवा २०१७ मध्ये बंद झाली.

भारतात कायद्याचीही मर्यादा आहे. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी नकाशे बनवण्यावरची बंधने बरीच सैल केली, तरी संवेदनशील ठिकाणांचे तपशील दाखवण्याला आळा आहेच. देवळाली कॅम्पसारख्या लष्करी भागात गाडीचा माग दिसला, म्हणून एखादा आतला रस्ता नकाशावर रेखाटून मोकळे होणे योग्य नाही. तिथे एरिया मॅनेजरने हात आवरावा आणि शंका वरच्या संपादकांपुढे ठेवावी.