हार्ट फेल्युअर: फिजिओचं डंबेल वेगळं, कूलरची बादली वेगळी

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय कमजोर होऊन रक्त नीट ढकलू न शकणं. अशा पेशंटला डॉक्टर म्हणतात वजन उचलू नका आणि फिजिओ (फिजिओथेरपिस्ट) हातात एक किलोचं डंबेल देतो, मग घरचे विचारतात आता ऐकायचं कोणाचं? दोघांचंही, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलून राहिले.

डॉक्टरांची मनाई आहे ती जोर लावून उचलण्याला. नागपुरात मे महिन्यात घरोघरी चालतं तेच बघा ना, १५ लिटरची भरलेली बादली छातीपर्यंत उचलून कूलरमध्ये ओतायची. एवढं वजन उचलताना माणूस नकळत श्वास कोंडतो, त्याने छातीतला दाब वाढतो, बीपी एकदम चढतं आणि आधीच थकलेल्या हृदयाला त्या प्रेशरच्या विरुद्ध रक्त ढकलावं लागतं, मग श्वास सोडला की बीपी उतरतं आणि डोळ्यासमोर अंधारी येऊ शकते. वरून ४५ डिग्रीचं ऊन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू, म्हणजे अंगातलं पाणी आधीच कमी. कृपा करून कूलरला पाईप लावा, पेशंट काकांना बादली देऊच नका.

फिजिओचं काम उलट आहे. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ३०-४० टक्केच वजन हातांना, पायांना ४०-५० टक्के, तेच १०-१५ वेळा, उचलताना श्वास सोडत, मधे आराम, आठवड्यातून २-३ दिवस. खुर्चीवरून हळूहळू उठणं-बसणं हाही यातलाच व्यायाम. हे कशाला, तर या आजारात हातापायाचे स्नायूपण झिजतात, आणि जिना चढताना जो दम लागतो त्यात हृदयासोबत या कमजोर स्नायूंचाही मोठा वाटा असतो. म्हणून इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, तेवढाच राहिला तरी पेशंटला बाथरूमपर्यंत जाणं सोपं वाटू शकतं, मला तर ही फार मोठी गोष्ट वाटते. नुसतं झोपवून ठेवलं की उरलेली ताकदही जाते.

नाडी मोजून अंदाज घेऊ नका, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारी गोळी) चालू असेल तर ती फारशी वाढतच नाही. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हे माप जास्त कामाचं.

आणि हे सगळं तब्येत स्थिर असेल तरच, डॉक्टरांना विचारून. पेसमेकर नवीन बसवला असेल तर त्या बाजूचा हात कधी वर न्यायचा तेही त्यांनाच विचारा. ३ दिवसांत २ किलो वजन वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर डंबेलसुद्धा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.