पार्श्वभूमी : ब्लूटूथ मेशने राउटिंग का टाळले

जुन्या ब्लूटूथमध्ये एका मुख्य उपकरणाला एका वेळी 7 सक्रिय उपकरणे जोडता येत. असे गट एकमेकांत गुंफण्याची तरतूद मानकात होती, ती जवळजवळ कागदावरच राहिली. 2003 साली 802.15.4 हे रेडिओ-मानक आले, त्यावर झिगबी उभे राहिले आणि पुढची अनेक वर्षे कमी विजेचे मेश (एकमेकांमार्फत संदेश पुढे नेणाऱ्या उपकरणांचे जाळे) म्हटले की झिगबीच डोळ्यांपुढे येई. त्याचे राउटिंग, म्हणजे संदेशासाठी ठरावीक मार्ग शोधणे, चांगले होते. फोनमध्ये मात्र तो रेडिओ रुजला नाही, त्यामुळे फोन आणि दिवा यांच्यामध्ये कायम एक गेटवे (दोन्ही रेडिओंना जोडणारे मधले उपकरण) बसवावा लागे.

2010 च्या ब्लूटूथ 4.0 मध्ये लो एनर्जी, म्हणजे कमी विजेवर चालणारे ब्लूटूथ, आले. 2011 मध्ये आयफोन 4एसने आणि 2013 मध्ये अँड्रॉइड 4.3 ने त्याला आधार दिला. 2014 पासून चिप बनवणाऱ्यांची स्वतःची मेश येऊ लागली. एकाचा दिवा दुसऱ्याचे बटण ओळखत नसे. सामाईक मानक जुलै 2017 मध्ये निघाले आणि वाद तिथून पेटला. कारण त्यात राउटिंग नव्हतेच. होते ते नियंत्रित फ्लडिंग: नोड (जाळ्यातले उपकरण) संदेश प्रसारित करतो, ऐकणारा प्रत्येक रिले (संदेश पुढे पाठवण्याचे काम दिलेला नोड) तो पुन्हा प्रसारित करतो. आधी पाहिलेला संदेश कॅशमुळे (अलीकडच्या संदेशांच्या नोंदीमुळे) गाळला जातो आणि दर टप्प्याला टीटीएल (संदेशाने आणखी किती टप्पे जायचे तो आकडा) एकाने घटतो.

‘हे उधळपट्टीचे आहे’ हा आक्षेप निराधार नाही. सगळी वाहतूक जोडणी न करता प्रसारण करण्यासाठीच्या 37, 38 आणि 39 या तीनच अ‍ॅडव्हर्टायझिंग चॅनेलांवर होते आणि प्रसारणापूर्वी चॅनेल मोकळा आहे का, हे कोणी तपासत नाही. एका हॉलमधल्या प्रत्येक दिव्यावर रिले चालू ठेवला की पॅकेटे एकमेकांवर आदळतात आणि नवखा माणूस उलट रिट्रान्समिट (तोच संदेश पुन्हा पाठवण्याची संख्या) वाढवून गोंधळात भर घालतो. उपाय असा: मोजक्याच दिव्यांवर रिले ठेवायचा, हार्टबीट या ठरावीक वेळाने जाणाऱ्या संदेशांवरून प्रत्यक्ष किती टप्पे लागतात ते पाहायचे आणि टीटीएल त्याच्या एक-दोनच वर ठेवायचा.

तरीही त्या वेळी दुसरा पर्याय फारसा नव्हता. तेव्हाच्या अनेक चिपांत रॅम 16 किंवा 32 किलोबाइट असे. मार्गांचे तक्ते ठेवायचे कुठे आणि ते ताजे ठेवण्याची वाहतूक त्या तीन चॅनेलांवर बसवायची कशी? शिवाय मुख्य काम दिव्यांचे होते. एका बटणाने पन्नास दिवे लावायचे तर संदेश सगळीकडे जायलाच हवा.

पॅकेटचे आकारमानही त्याच काळाचे आहे. अ‍ॅडव्हर्टायझिंगचे 31 बाइट, त्यातून लांबी आणि प्रकार वजा केले की 29. नेटवर्क शीर्षकाचे 9 आणि प्रमाणीकरणाचे 4 गेले की 16. खंडित नसलेल्या संदेशात वरच्या थराच्या शीर्षकाचा आणखी 1 आणि त्याच्या प्रमाणीकरणाचे 4 जातात. उरतात 11 बाइट, ऑपकोड (आज्ञेचा क्रमांक) धरून. याहून मोठा संदेश तुकड्यांत जातो आणि गटाच्या पत्त्यावर पाठवलेल्या तुकड्यांची पोच येत नाही.

फ्लडिंगचा भार पडतो तो सतत ऐकण्यावर. रिसीव्हर 5-6 मिलिअँपियर घेत असेल तर 225 मिलिअँपियर-तासांचा नाणे-सेल दोन दिवसही टिकत नाही. म्हणून रिले कायम मेन्सवरच्या नोडवर. सेलवरचा सेन्सर झोपतो. त्याच्यासाठीचे संदेश शेजारचा फ्रेंड नोड साठवतो आणि सेन्सर जागा होऊन विचारेल तेव्हा देतो. नावातली ‘कमी वीज’ त्या सेन्सरपुरतीच खरी.

फोनसाठीची तडजोड सर्वांत अवघड होती. आयफोनमधले अ‍ॅप मनाजोगते अ‍ॅडव्हर्टायझिंग पॅकेट पाठवू शकत नाही, म्हणून प्रॉक्सी आला: फोन एका नोडशी नेहमीचे कनेक्शन करतो आणि तो नोड मेशशी बोलतो. त्या कनेक्शनचा एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या पॅकेटची कमाल लांबी) 23 बाइटवरच राहिला तर पूर्ण आकाराचे पॅकेट दोन तुकड्यांत जाते. कोणत्या पत्त्यांचे संदेश फोनला द्यायचे ती प्रॉक्सीची फिल्टर यादी सुरुवातीला रिकामी असते. अ‍ॅपने गटाचा पत्ता तिच्यात घातला नाही तर दिवे लागतात, पण पडद्यावर त्यांची स्थिती बदलत नाही. तसेच संदेशांचा 24 बिटांचा अनुक्रमांक फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) जपला नाही तर वीज जाऊन आल्यावर नोड मुका झाल्यासारखा वाटतो. इतर नोड त्याचे संदेश जुने समजून टाकून देतात. अनुक्रमांक ठरावीक अंतराने लिहायचा आणि चालू होताना तेवढी उडी घ्यायची, म्हणजे फ्लॅशही झिजत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या मेश मानकाच्या 1.1 आवृत्तीत निर्देशित फॉरवर्डिंग (संदेश ठरावीक मार्गानेच पुढे पाठवणे) आले, म्हणजे राउटिंग मागच्या दाराने परतले, तेही ऐच्छिक. त्याच महिन्यात 802.15.4 रेडिओवर चालणारे थ्रेड हे दुसरे मेश आयफोन 15 प्रोमध्ये दाखल झाले. मेशवरूनच फर्मवेअर (उपकरणातला मूळ प्रोग्राम) बदलण्याची प्रमाणित सोयही 1.1 मध्येच आली. त्यामुळे आधी छतात बसलेल्या दिव्यांना नवे काही द्यायचे तर निर्मात्याची स्वतःची पद्धत असावी लागते, नाहीतर फोन घेऊन एकेका दिव्याजवळ जावे लागते.