लातूरचा सौदा, शिकागोचा वायदा आणि रुपया

ऑक्टोबरात लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची रास ओतली जाते. खरेदीदार मूठभर दाणे हातात चोळतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा अजमावतो आणि मग सौदा निघतो. पाहणाऱ्याला हा सारा व्यवहार स्थानिकच वाटतो. परंतु खरेदीदाराच्या मोबाइलवर तेल गिरण्यांचे, बाजाराच्या भाषेत ‘प्लांटचे’, त्या दिवशीचे दर आलेले असतात. आणि ते दर काढताना आदल्या रात्री शिकागोचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचा आजच ठरणारा भाव, कोठे बंद झाला, मलेशियात पामतेलाने काय कल दाखवला आणि रुपया डॉलरच्या तुलनेत किती पैशांनी हलला, हे सर्व हिशेबात धरलेले असते. एका आठवड्यात क्विंटलमागे शंभर-दोनशे रुपये का चढले किंवा उतरले, हे जाणून घ्यायचे तर ही साखळी कशी जुळत गेली ते पाहावे लागते.

परमुलखातल्या बाजाराला बांधलेला भाव वऱ्हाडाला नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. पुढे १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली, १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. या कायद्याने बाजारातल्या व्यवहाराला नियम लावले. भावाची दोरी मात्र लिव्हरपूलच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या कापूस बाजाराच्याच हाती राहिली.

सोयाबीन त्या मानाने अगदी अलीकडचे. पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने झाले. माळव्यातली खरिपात पडीक राहणारी काळी जमीन त्याने भरली, इंदूरभोवती तेल गिरण्या उभ्या राहिल्या आणि तेथून हे पीक विदर्भात व मराठवाड्यात उतरले. शंभर दिवसांच्या आसपास हाती येणारे, मागे हरभऱ्याला रान मोकळे करून देणारे आणि दसरा-दिवाळीला रोख पैसा देणारे पीक कोरडवाहू शेतकऱ्याला आवडले यात नवल नाही. ज्वारी, मूग आणि उडीद यांची जागा त्याने घेतली, आणि त्याबरोबर घरी खाण्याच्या धान्याऐवजी सर्वस्वी विकण्याच्या मालावर घर चालू लागले. भावाची झळ इतकी थेट बसते, त्याचे मूळ या बदलात आहे.

सोयाबीनला आपण तेलबिया म्हणतो, पण क्विंटलभर दाण्यातून तेल निघते सुमारे १८ किलो. उरलेली ८० किलोंच्या आसपास कोंबडीखाद्यात जाणारी पेंड, म्हणजे तेल काढून घेतलेली ‘डीओसी’. त्यामुळे गिरणीवाला दाण्याला काय भाव देईल, हे तेल आणि पेंड यांच्या दरांवरून ठरते. या दोन्ही वस्तूंचा जगातला दर शिकागोत दिसतो. तेथला बाजार १८४८ पासूनचा, सोयाबीनचा वायदा १९३६ पासूनचा. आज ब्राझील अमेरिकेपेक्षा अधिक सोयाबीन पिकवतो, पण मोजमाप शिकागोचेच चालते.

पूर्वी या दरांची आच इथे फारशी लागत नसे, कारण मध्ये दोन भिंती होत्या. खाद्यतेलाची आयात सरकारी व्यापार महामंडळाच्या हाती होती आणि रुपयाचा दर सरकार ठरवत असे. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, १९९३ मध्ये त्याचा दर बाजारावर सोपवला गेला आणि १९९४ मध्ये पामोलिनची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली झाली. तीन वर्षांत दोन्ही भिंती उतरल्या. माझ्या मते आजच्या सोयाबीन बाजाराचा जन्म या तीन वर्षांतला आहे.

रुपयाचा परिणाम आकड्यांत पाहू. तेल टनाला १,००० डॉलर आणि पेंड ४०० डॉलर धरली आणि डॉलर ८० रुपयांवरून ८५ वर गेला, तर तेल किलोमागे ५ रुपयांनी आणि पेंड २ रुपयांनी महागते. क्विंटलभर सोयाबीनच्या हिशेबात हे तेलाचे ९० आणि पेंडेचे १६० रुपये होतात. म्हणजे शिकागोत काहीही न हलता केवळ चलनामुळे अडीचशे रुपयांची जागा तयार होते. कागदावर घसरता रुपया सोयाबीन उत्पादकाच्या बाजूचा आहे. प्रत्यक्षात त्याच घसरणीने आयात होणाऱ्या खताचा खर्च वाढतो, आणि तेल महागले की आयात शुल्क कमी करण्याची मागणी लगेच जोर धरते.

या शुल्काकडे आणि आयातीच्या परवानग्यांकडे शेतकऱ्याने आठवड्याच्या भावाइतकेच बारकाईने पाहायला हवे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेले होते. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय सुधारित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आले होते. कोंबडीखाद्य परवडेनासे झाले होते हे खरे, आणि नव्या मालाच्या आवकेचाही त्यात वाटा होता. पण निर्णयाची वेळ काढणीच्या तोंडावरची होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये उलटे झाले. कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले गेले. तेल वाढले, तरी सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिले, कारण पेंडेला उठाव नव्हता. जगात सोयाबीन मुबलक होते. शिवाय मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ‘डीडीजीएस’, स्वस्तात कोंबडीखाद्यात शिरला होता. मका आणि सोयाबीन या शेजारच्या दोन पिकांचे भाव असे एकमेकांत गुंतले. मे २०२५ मध्ये ते शुल्क १६.५ टक्क्यांवर आणण्यात आले.

उरतो वायदा. डिसेंबर २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एनसीडेक्स’ या शेतमालाच्या वायदे बाजारावर सोयाबीनचे वायदे होत असत आणि पुढच्या महिन्यांचे भाव सर्वांना दिसत. २० डिसेंबर २०२१ रोजी बाजारांवर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’ने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे वर्षभरासाठी थांबवले आणि नंतर त्या बंदीला वारंवार मुदतवाढ मिळाली. मोठा आयातदार शिकागोत किंवा मलेशियात आपला सौदा बांधून ठेवू शकतो. जूनमध्ये तिफण धरणाऱ्याला मात्र ऑक्टोबरच्या लातूरचा भाव दाखवणारा देशातला फलक त्या बंदीने कोरा झाला.